चावी काढल्यावर

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागल्या भिंतीला टेकून माझं दुकान.
काळी वाळू रोज दुपारी काउंटरवर येऊन बसते.
मी पुसतो, ती बसते,
आमचं जमलंय.

नेमिनाथ मगदूम जुनी वॅगनार घेऊन आला.
डिकीत फ्रिज, खोक्यासकट, पावतीसकट.
म्हणाला, डॅशबोर्डाचा सॉकेट खड्ड्याखड्ड्याला सुटतोय
आणि चावी काढली की मरतोय.
मला न मरणारा पायजे.

असले चार फ्रिज जोडलेत मी यंदा.
चारी गाड्या आंबोली उतरून गोव्याला गेल्या.
म्हणून हसत विचारलं, "बाटल्या किती बसत्यात?"
"दोन," म्हणाला.
"बारक्या असत्यात. माणसाला दोनच असत्यात."

इर्शादच्या हातातला पाना तसाच राहिला.

नेत्रपेढीत आहे तो.
रात्री-अपरात्री फोन येतो, आजऱ्याहून, चंदगडहून:
वडील गेलेत, लवकर या.
बाटलीत गुलाबी औषध, औषधात ते.
आजवर थर्मासात बर्फ घालून आणायचा,
बर्फ उरलाय का, एका हातानं चाचपत, घाटातून.

"मग गाडी बंद कशाला करता?"
"सह्या असत्यात. साक्षीदार झोपलेला असतो.
त्या घरात चूल नसते, शेजारी चहा ठेवत्यात,
नको म्हणता येत न्हाई.
आणि एखादी म्हातारी दारापतूर येऊन
परत परत विचारती, त्यांना दुखलं तर नसंल?
तेवढा वेळ गाडी बंद."

मी तंबाखू थुंकून आलो.

चार एमएमची तांब्याची वायर काढली, लाल.
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, पंधराचा;
लांब ठेवला तर मधली वायर पोरकी.
फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट,
पत्रा गुपचूप कापतो, दोन पावसाळे लागतात त्याला.
मॅटखालून, सीटच्या रेलिंगला न घासता, मागं.
काळी बॉडीला,
रंग खरवडून, खालचा पत्रा चमकेपर्यंत.

भांडण कटऑफवरून झालं.
मी म्हटलं, बॅटरी अकरा-आठला आली की फ्रिज बंद पडणार.
तो म्हणाला, फ्रिज बंद पडायचाच न्हाई.
"मग गाडी सुरू व्हायची न्हाई. बसा घाटात तिघं."
"तिघं?"
मी बोटानं मोजून दाखवलं: तुम्ही, आणि ते दोन.
बराच वेळ तो फौंड्रीच्या धुराकडं बघत राहिला.
शेवटी मधला मार्ग निघाला: बझर.
बंद पडायच्या आधी पाच मिनिटं बोंबलणारा.
दुकानात रिव्हर्सचाच शिल्लक होता,
कुठल्यातरी आरतीची चाल वाजवणारा.
चालंल म्हणाला.

चावी काढली. टेस्ट लॅम्प लावला. जळतोय.
फ्रिज गुणगुणायला लागला, सत्तावीस, एकोणीस,
अकराला जरा अडकला,
चार.
इर्शादनं खात्रीला आपली ताकाची पिशवी आत ठेवली होती.

लेबरला शंभर कमी करा म्हणाला.
केले नाहीत.
दोन जादा फ्यूज मात्र ड्रॉवरमध्ये टाकले,
त्याचे लावले नाहीत.

तिसऱ्या रात्री अडीचला फोन.
"मिस्त्री, गगनबावड्याकडं आलोय. तुमचं ताक सापडलं."
"गार हाय?"
"दात शिवशिवत्यात."
"बझर वाजला?"
"अजून तरी न्हाई. पाऊण तास झाला बंद करून."

मागं कुणीतरी बारीक आवाजात काहीतरी विचारलं.
त्यानं फोन कानापासून लांब नेला असावा.
"न्हाई आजी," ऐकू आलं. "अजिबात न्हाई."

कट करायचा त्याचा राहून गेला.
मी पण केला नाही.
पावलं, फाटकाची कडी, एक कुत्रं,
मग डिकी उघडल्याचा आवाज
आणि आत ते गुणगुणणं, चालू.